मानवतावादी विरुद्ध स्कोलॅस्टिक पंडित : भांडण नेमकं कशावरून होतं?

पोटमाळा
प्रबोधनकाळाबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं त्यात एक ठरलेलं चित्र असतं. एकीकडे मठात कोंडून घेतलेले, सुईच्या टोकावर किती देवदूत मावतात याचा खल करणारे स्कोलॅस्टिक पंडित, म्हणजे मध्ययुगीन विद्यापीठांतले तर्काने धर्मशास्त्र मांडणारे. दुसरीकडे पेत्रार्क, व्हाल्ला, एरास्मस हे मानवतावादी, म्हणजे जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ मुळातून वाचा म्हणणारी मोकळ्या मनाची माणसं. दुसऱ्यांनी पहिल्यांना हरवलं, देव मागे पडला, माणूस पुढे आला आणि तिथून विज्ञानाची गाडी सुटली.

सध्या या मंडळींचं लेखन इंग्रजी भाषांतरांतून वाचतोय आणि हे चित्र काही केल्या जुळत नाही. पेत्रार्क १३३६ साली व्हाँतू डोंगर चढतो आणि माथ्यावर जाऊन उघडतो काय, तर जवळ बाळगलेलं संत ऑगस्टीनचं ‘कन्फेशन्स’. ते वाचून, डोंगर बघत बसल्याबद्दल स्वतःलाच झापतो. एरास्मस नव्या कराराची ग्रीक-लॅटिन आवृत्ती १५१६ मध्ये काढतो आणि अर्पण करतो ती थेट पोप दहाव्या लिओला. आणि ज्याला आपण कर्मठ समजतो तो तेराव्या शतकातला स्कोलॅस्टिक थॉमस अक्वायनस प्रत्येक प्रश्नाची सुरुवात समोरच्याचे आक्षेप मांडून करतो.

माझं मत असं, की देव हा या भांडणाचा विषयच नव्हता. पवित्र ग्रंथाला हात लावायचा अधिकार कोणाचा, व्याकरण शिकवणाऱ्याचा की धर्मशास्त्राची पदवी घेतलेल्याचा, यावरून जुंपली होती. जाणकारांनी खोडून काढावं.

तिरपागडा
रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो आणि मग भांडतो.

अनुष्टुभ
बरंचसं सहमत. आधी त्या देवदूतांचा निकाल लावू. सुईच्या टोकावरचे देवदूत मध्ययुगातल्या एकाही पंडिताच्या ग्रंथात सापडत नाहीत. ही टवाळी सतराव्या शतकात इंग्लंडातल्या प्रॉटेस्टंट लेखकांनी चालवली. अक्वायनसचा प्रश्न आहे तो असा : एकाच जागी एकाहून अधिक देवदूत असू शकतात का? ज्याला शरीरच नाही त्याने जागा व्यापणं म्हणजे काय, याची ती चर्चा आहे. उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते का, हे त्याने नीट सांगितलंय.

त्यांची मांडणी आपल्याकडच्या शास्त्रग्रंथ वाचणाऱ्याला परकी वाटणार नाही. प्रश्न मांडायचा. मग पूर्वपक्ष, तोही मुद्द्यामुद्द्याने, आणि जितका बळकट करता येईल तितका करून. मग उलट बाजूचं एखादं प्रमाणवचन, मग स्वतःचं उत्तर, आणि शेवटी पूर्वपक्षाचा एकेक मुद्दा घेऊन त्याची वासलात. यात भाषेचं लालित्य शून्य. ते मुद्दामच नको होतं त्यांना.

आणि इथवर पोचायला किती घासावं लागायचं ते बघा. १२१५ चे पॅरिस विद्यापीठाचे नियम आहेत : पस्तिशी उलटल्याशिवाय आणि निदान आठ वर्षं शिकल्याशिवाय धर्मशास्त्रावर व्याख्यान द्यायचं नाही. पुढे पीटर लोम्बार्डच्या ‘सेंटेन्सेस’ या धर्मशास्त्राच्या पाठ्यपुस्तकावर भाष्य करणं हा प्रत्येकाच्या शिक्षणाचा ठरलेला टप्पा झाला. एवढं सगळं करून खुर्चीत बसलेल्या माणसाला एखादा लॅटिनचा मास्तर येऊन म्हणतो, ‘तुमच्या बायबलात शब्द चुकलाय.’ राग येणार नाही?

शेवटचा_बाक
पस्तीस? आमच्याकडे पीएचडीला लागतात तेवढीच की.

तिरपागडा
गाइडच्या घरची भाजी आणायची वर्षं धरली आहेत का त्यात?

मोडीवाचक
मी मोडी कागद वाचायचं काम करतो. वतनाच्या तंट्यांतल्या बनावट सनदा हा आमचा नेहमीचा खुराक. कागद जुना मिळवता येतो, शिक्का उठवता येतो, वळणही गिरवता येतं. माणूस फसतो तो शब्दांत. सनद म्हणे शिवकाळातली आणि मायना पेशवाईतला, असं निघालं की बाकीचं बघायचीही गरज उरत नाही.

म्हणून मला या सगळ्यात लोरेन्झो व्हाल्ला जवळचा. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पोप सिल्व्हेस्टरला रोम आणि पश्चिमेचं सगळं साम्राज्य देऊन टाकलं, असा एक दस्तऐवज होता. पोपची राजकीय सत्ता कित्येक शतकं त्याच्या आधाराने मिरवली जात होती. व्हाल्लाने १४४० मध्ये तो दस्त शब्दाशब्दाने सोलला. रोमच्या सम्राटाच्या फर्मानात ‘सत्रप’ (इराणी सुभेदार) कुठून आले? कॉन्स्टंटिनोपलचा उल्लेख धर्मपीठ म्हणून येतो, पण तेव्हा ते शहर तरी वसलं होतं का? मुकुट सोन्याचा म्हटलाय, तर त्या काळी तो कापडी पट्टा असायचा. लॅटिन तर अशी, की कॉन्स्टंटाइनचा कारकून ती लिहूच शकला नसता. मध्येमध्ये तो त्या खोटारड्या लेखकाला समोर उभं करून फाडफाड बोलतो, ते वाचताना कोर्टात बसल्यासारखं वाटतं.

तर पोटमाळा, अधिकाराचा मुद्दा मान्य. पण हे नुसतं हद्दीचं भांडण म्हणून सोडून देऊ नका. व्हाल्लाने एक हत्यार दिलं : प्रत्येक शब्दाला वय असतं आणि ते तपासता येतं.

उंटावरचा
व्हाल्लाला हार घालताय, घाला. पण तो तेव्हा कोणाच्या पगारावर होता? आरागॉनचा आल्फॉन्सो. त्याला नेपल्सचं राज्य हवं होतं आणि पोप चौथा यूजीन त्याच्या विरोधात दुसऱ्याच्या पाठीशी होता. म्हणजे पोपचे कागद खोटे निघणं ही धन्याची गरज होती. आणि पुढे १४४८ मध्ये हाच व्हाल्ला पोपच्या दरबारात लेखनिक झाला. पोप तेव्हा पाचवा निकोलस होता हे खरं, पण गादी तीच ना?

शिवाय हे दान संशयास्पद आहे हे क्यूसाच्या निकोलसने १४३३ मध्येच लिहिलं होतं. तो पुढे कार्डिनल झाला. म्हणजे चर्चच्या आतल्या माणसाला हे आधी दिसलं होतं.

मोडीवाचक
उंटावरचे, पगार कोणाचा यावरून पुरावा खोटा ठरायला लागला तर आमच्याकडचे निम्मे निकाल फिरवावे लागतील. निकोलसचं श्रेय त्याला आहेच. पण त्याचा मुद्दा होता की जुन्या विश्वासार्ह ग्रंथांत या दानाचा कुठे उल्लेख नाही. दस्तऐवजाच्या पोटात शिरून त्याच्याच भाषेने त्याला पकडणं हे व्हाल्लाचं.

ओसरी
व्हाल्लाचा निघालाच आहे विषय तर त्याचं शेवटचं वर्ष वाचा. ७ मार्च १४५७, संत थॉमस अक्वायनसचा सण. रोममध्ये सांता मारिया सोप्रा मिनर्व्हा या डॉमिनिकनांच्या (थॉमसच्याच साधुसंघाच्या) चर्चमध्ये थॉमसच्या स्तुतीपर भाषणाला यांनी बोलावलं कोणाला? व्हाल्लाला! कोणाच्या डोक्यातली कल्पना होती कोण जाणे.

सुरुवातीला थॉमसच्या शीलाची, पावित्र्याची, बुद्धीची तोंडभर स्तुती. मग हळूच विषय त्याच्या धर्मशास्त्राकडे. हे तत्त्वज्ञानाचे जाडजूड शब्द जुन्या धर्मपित्यांना (सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती ग्रंथकारांना) ठाऊक असूनही त्यांनी वापरले नाहीत, कारण गरज नव्हती. शेवटी स्वर्गातल्या वाद्यवृंदाचं चित्र उभं करतो. एक ग्रीक आणि एक लॅटिन अशा धर्मपित्यांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला एक वाद्य. तंतुवाद्यं अँब्रोज, जेरोम, ऑगस्टीन यांच्या जोड्यांना. थॉमसला दमास्कसच्या जॉनशेजारी बसवलंय आणि हातात दिल्या आहेत झांजा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हाल्ला वारला.

तिरपागडा
झांजा!! ताई, दंडवत. सत्कार समारंभात असा अपमान करायला उंची लागते.

चहा_खारी
मस्त धागा. वाचनखूण साठवली. पण मला एक सांगा, ग्रीक शिकण्यावरून एवढा गदारोळ का? मूळ भाषेतून वाचावं यात कोणाला काय अडचण असेल?

ल्यूव्हेनवासी
चहा_खारी, याचं उत्तर माझ्या गावात आहे. नोकरीमुळे बेल्जियममध्ये, ल्यूव्हेनला राहतो. गावाबाहेर पार्क मठ आहे, तळ्यांच्या कडेने सायकलवर जाता येतं. १५०४ मध्ये एरास्मसला इथल्या ग्रंथालयात व्हाल्लाने नव्या करारावर केलेल्या टिपणांचं हस्तलिखित सापडलं. व्हाल्लाने लॅटिन बायबल (व्हल्गेट) ग्रीकशी ताडून कुठे काय बिघडलंय ते लिहून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी एरास्मसने ते पॅरिसला छापलं. स्वतःची आवृत्ती काढायची उमेद इथून मिळाली म्हणतात.

आता अडचण. ती मांडली मार्टिन व्हॅन डॉर्पने, हाही ल्यूव्हेनचाच, तरुण धर्मशास्त्री आणि एरास्मसचा मित्र. १५१४ च्या पत्रात तो म्हणतो : हजार वर्षं चर्च ज्या पाठावर विसंबलं, धर्मसभांनी ज्याच्या आधारे निर्णय दिले, तो पाठ चुकीचा असेल तर मग चर्च चुकलं असं म्हणायचं का? आणि ग्रीकांची हस्तलिखितं शुद्ध राहिली हे कशावरून? ते तर आपल्यापासून फुटलेले. एक शब्द बदलला की लोक विचारतील, आणखी कुठे कुठे चुकलंय?

या माणसाला मूर्ख समजू नका. पुढच्या पन्नास वर्षांत युरोपात चर्च फुटून जे झालं ते पाहता डॉर्पची भीती अगदी बरोबर होती. एरास्मसने १५१५ मध्ये लांबलचक उत्तर दिलं, थॉमस मोरनेही दिलं, आणि डॉर्प पुढे त्यांच्या बाजूला आला. आता तुम्हीच ठरवा, पटलं म्हणून की वारं बघून.

१५१७ मध्ये बुसलायडनच्या मृत्युपत्रातल्या पैशातून इथे लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकवणारं ‘त्रिभाषा महाविद्यालय’ निघालं, मासळी बाजाराजवळ. धर्मशास्त्र विभागाचा त्याला विरोध होता. लाटोमुस नावाच्या प्राध्यापकाने १५१९ मध्ये संवाद लिहून सांगितलं की धर्मशास्त्राला या तीन भाषांची गरज नाही.

तिरपागडा
म्हणजे त्रिभाषा सूत्रावरून तेव्हाही राडा!

अनुष्टुभ
लाटोमुसचा मुद्दा थोडा उलगडतो, कारण तो नेहमी हसण्यावारी जातो. वस्तूचं ज्ञान आणि शब्दाचं ज्ञान या दोन गोष्टी आहेत, असं तो धरून चालतो. ग्रीक उत्तम येणारा माणूस कृपा म्हणजे काय याबद्दल ठार अडाणी असू शकतो. खुद्द अक्वायनसला ग्रीक येत नव्हतं, तो मोर्बेकेच्या विल्यमची लॅटिन भाषांतरं वापरायचा, आणि तरी ॲरिस्टॉटल त्याच्याइतका कळलेला माणूस दाखवा. उलट पेत्रार्ककडे होमरचं ग्रीक हस्तलिखित होतं, वाचता येत नव्हतं. पण मिरवायला होतं.

ओसरी
मिरवायला काय, तो ते उराशी धरून हळहळायचा बिचारा. तुम्हाला पेत्रार्कची ॲलर्जी आहे.

अनुष्टुभ
आहे. १३६७ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं, कशावरून? व्हेनिसमधले चार तरुण मित्र आपसात म्हणाले की पेत्रार्क माणूस चांगला, पण अडाणी. झालं. ‘मी अडाणी आहेच, आणि तुमचा ॲरिस्टॉटलही फार काही शहाणा नव्हता’ असं सांगायला अख्खं पुस्तक. सद्गुण म्हणजे काय हे ॲरिस्टॉटल समजावतो, पण वाचून सद्गुणी व्हावंसं वाटत नाही, हा त्यातला मुद्दा मात्र बिनतोड आहे. तेवढं मान्य.

चहा_खारी
ल्यूव्हेनवासी, सविस्तर उत्तराबद्दल आभार. एरास्मसच्या त्या त्रिमूर्तीच्या ओळीचा काय किस्सा आहे? ‘एक तरी ग्रीक हस्तलिखित दाखवा, मी ओळ घालतो’ असं वचन दिलं आणि मग इंग्लंडात रातोरात हस्तलिखित तयार झालं, असं कुठेसं वाचलं होतं.

ल्यूव्हेनवासी
किस्सा भारी आहे, पण वचनाची गोष्ट नंतरची भर आहे, त्याच्या लेखनात तसं वचन नाही. बाकीचं खरं. योहानाच्या पहिल्या पत्रात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत अशी ओळ व्हल्गेटमध्ये होती. एरास्मसला हाताशी असलेल्या ग्रीक हस्तलिखितांत ती मिळाली नाही, म्हणून १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत त्याने घातली नाही. इंग्लंडातून एडवर्ड ली आणि स्पेनमधून झुन्यिगा त्याच्यावर तुटून पडले. मग ती ओळ असलेलं एक ग्रीक हस्तलिखित इंग्लंडात निघालं, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ओळ घातली. मनापासून नाही, बदनामीला निमित्त नको म्हणून. ते हस्तलिखित आता डब्लिनला आहे.

एरास्मसचंही सगळं धुतल्या तांदळासारखं नव्हतं. प्रकटीकरणाच्या पुस्तकाचं ग्रीक हस्तलिखित त्याला शेवटचं पान नसलेलं मिळालं. छापखाना घाई करत होता, तर पठ्ठ्याने शेवटच्या ओळी लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये करून टाकल्या! पहिली आवृत्ती ‘काढली म्हणण्यापेक्षा फेकली’ असं नंतर त्यानेच लिहिलंय.

शेवटचा_बाक
थोडक्यात, मुळाकडे चला म्हणणाऱ्याने मूळच घरी बनवलं. 😀

तिरपागडा
जेवण झालं. आता माझं ऐका. तुम्ही सगळे एरास्मसच्या वैराची तात्त्विक कारणं शोधताय. खरं कारण मेस. १४९५ मध्ये हा पॅरिसच्या माँतेग्यू कॉलेजात राहिला. नासकी अंडी, उवा, थंडीत उपास, वर छड्या. तीस वर्षांनी मासे खाण्यावरचा संवाद लिहिला तरी त्यात ती अंडी विसरला नाही. मेसवाल्याने बरं वाढलं असतं तर युरोपाचा इतिहास वेगळा झाला असता. हलके घ्या.

अंड्यावरून आठवलं, ‘अप्रसिद्ध माणसांची पत्रं’ कोणीच कशी काढली नाहीत इथे? १५१५ आणि १५१७, दोन भाग. क्रोटस रुबेआनुस आणि उलरिख फॉन हुटेन यांचा उद्योग. कोलोनच्या ऑर्टविन ग्राटियुस या खऱ्याखुऱ्या पंडिताला त्याच्या काल्पनिक चेल्यांनी भिकार लॅटिनमध्ये लिहिलेली पत्रं. पहिल्याच पत्रात मेजवानीला बसलेल्या मास्तरांचा वाद : धर्मशास्त्राचा डॉक्टर होऊ घातलेल्याला ‘मॅगिस्तर नोस्त्रांदुस’ म्हणायचं की ‘नोस्तर मॅगिस्त्रांदुस’? दारूचे पेले रिचवत दोन्ही बाजूंनी शास्त्राधार.

आणि माझं सगळ्यात आवडतं पत्र. एक चेला रोमला, काम्पो दे फ्योरीच्या खाणावळीत, शुक्रवारी अंडं फोडतो तर आत पिल्लू. सोबती म्हणतो, ‘गिळ पटकन, नाहीतर मालक कोंबडीचे पैसे लावेल.’ गिळतो. मग घाम फुटतो : शुक्रवारी मांस खाल्लं की काय? आता विचारतोय, गुरुवर्य, पाप मोठं की छोटं? चीजमधल्या किड्यांना मासे धरतात म्हणून ते उपासाला चालतात म्हणे, पण पिल्लू?

गंमत म्हणजे हे विडंबन आहे हेच कित्येकांना कळलं नाही.

ओसरी
हसून झालं असेल तर त्यामागचं प्रकरणही सांगा, कारण ते हसण्यासारखं नाही. फेफरकॉर्न नावाचा ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेला गृहस्थ, त्याने सम्राट माक्सिमिलियनकडून १५०९ मध्ये ज्यूंचे ग्रंथ जप्त करायचा हुकूम मिळवला. कोलोनचे डॉमिनिकन त्याच्या पाठीशी. मत मागवलेल्या विद्वानांमध्ये योहान रॉयखलिन होता, हिब्रूचा पहिल्या फळीतला ख्रिस्ती अभ्यासक. त्याने लिहून दिलं की ग्रंथ जाळू नका. मग दहा वर्षं त्याच्यामागे खटले लावले. १५२० मध्ये पोप दहाव्या लिओने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. तोच लिओ, ज्याला एरास्मसने पुस्तक अर्पण केलं होतं.

आणि एरास्मस? ज्यू माणसांबद्दल त्याची पत्रं काढून वाचा. फेफरकॉर्नवर लिहिताना धर्म बदलला तरी हा ज्यूच राहिला असा सूर आहे. ‘मानवतावादी’ नावावर जाऊ नका.

वारीचा_वाटसरू
हे सगळं वाचताना ज्ञानेश्वर आणि पैठणचे शास्त्री आठवले. आपल्याकडे हे तेराव्या शतकातच

तिरपागडा
आले! बत्तिसाव्या प्रतिसादापर्यंत तरी थांबेल असं वाटलं होतं.

उंटावरचा
वाटसरू, रागावू नका, पण ते जुळत नाही. ज्ञानेश्वर ग्रंथ लोकांच्या बोलीत आणतात. एरास्मस आणि कंपनी लोकांच्या बोलीपासून दूर, सिसेरोच्या लॅटिनकडे निघाली होती. पंडितांची रोजच्या वापरातली लॅटिन यांना गावंढळ वाटायची. वेगळा धागा काढा, येतो तिकडे.

ओसरींच्या शेवटच्या वाक्याला मात्र माझा झब्बू. व्हायादोलिद, १५५० आणि ५१. स्पेनच्या राजाने वाद लावला : अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर युद्ध करून त्यांना ताब्यात घेणं न्याय्य आहे का? ‘न्याय्य आहे’ म्हणणारा सेपूल्वेदा. इटलीत शिकलेला, ॲरिस्टॉटलचा ग्रीकवरून भाषांतरकार, देखणी लॅटिन लिहिणारा पक्का मानवतावादी. ॲरिस्टॉटलच्या ‘जन्मतः गुलाम’ या कल्पनेचा त्याने सरळ वापर केला. समोर लास कासास, डॉमिनिकन. आणि सेपूल्वेदाचं पुस्तक छापू नये असं मत कोणी दिलं? सालामांका आणि आल्कालाच्या धर्मशास्त्र्यांनी.

त्याआधी १५३९ मध्ये सालामांकात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डॉमिनिकन प्राध्यापकाने हाच प्रश्न अस्सल स्कोलॅस्टिक पद्धतीने घेतला. ते लोक ख्रिस्ती नाहीत म्हणून त्यांची मालकी रद्द होते का? नाही. पोप त्यांची जमीन कोणाला देऊ शकतो का? नाही. सम्राट जगाचा धनी आहे का? नाही. एकेक दावा क्रमाने खोडलाय. पुढे काही ‘न्याय्य’ कारणंही त्याने मान्य केली आणि त्या फटीतून बरंच काही आत शिरलं, हे खरं. पण माणुसकीचा हिशेबच करायचा तर त्या दिवशी ती रुक्ष ‘प्रश्न-आक्षेप-उत्तर’वाल्यांच्या पदरात जास्त होती.

पोटमाळा
उंटावरचे, हे कमाल आहे. सेपूल्वेदा मानवतावादी होता हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मोडीवाचक
एका सेपूल्वेदावरून सगळ्यांना झोडू नका. एरास्मस युद्धाच्या विरोधात आयुष्यभर लिहीत राहिला.

म्हापशेकर
आल्काला आणि सालामांकाचं नाव निघालं म्हणून लिहितो, कारण तिथून एक धागा थेट गोव्यात येतो. गार्सिया द ऑर्ता. शिक्षण सालामांका आणि आल्कालाला, वैद्य, १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथेच राहिला. मुंबई बेटही त्याच्याकडे इजाऱ्याने होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेलं त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक संवादरूप आहे. स्पेनहून आलेला रुआनो ग्रंथांतली वचनं फेकतो आणि ऑर्ता त्याला सांगतो की मी हे झाड पाहिलंय, तुमचा ग्रंथ चुकतोय.

पण इथे एक तिढा आहे. ऑर्ताच्या समोर उभे आहेत ते स्कोलॅस्टिक कमी आणि मानवतावादी वैद्य जास्त. त्या वैद्यांचं म्हणणं असं, की अरबांनी वैद्यक बिघडवलं, गॅलेन आणि डायोस्कोरिडीस हे प्राचीन वैद्य शुद्ध ग्रीकमधून वाचले की झालं. ऑर्ता अरबांची बाजू घेतो आणि म्हणतो, स्पेनमध्ये असतो तर गॅलेन आणि ग्रीकांविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती. म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांत ‘मुळाकडे चला’वाले स्वतःच नवे पोथीनिष्ठ झाले होते.

त्याचं पुढे काय झालं ते बहुतेकांना ठाऊक असेल. ज्यू वंशाचा होता. १५६८ मध्ये वारला, पुढच्या वर्षी इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) बहीण कातारीनाला जाळलं आणि १५८० मध्ये याची हाडं उकरून जाळली.

शेवटचा_बाक
मग विज्ञानाचं श्रेय कोणाच्या खात्यात? धाग्याच्या सुरुवातीला गाडी सुटली म्हणाला होतात.

अनुष्टुभ
चौदाव्या शतकात पॅरिसचा बुरिदान फेकलेल्या वस्तूची गती का टिकते याचा विचार करतो, ओरेम १३७७ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरत असेल का यावर दोन्हीकडचे मुद्दे मांडतो, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात एकसमान वाढणाऱ्या वेगाचा नियम काढतात. सगळे स्कोलॅस्टिक. हे होत असताना पेत्रार्क वैद्यांना शिव्या देत होता.

मोडीवाचक
आणि पोज्जो या मानवतावाद्याने १४१७ मध्ये रोमन कवी ल्युक्रेशियसचं काव्य शोधून काढलं नसतं तर अणुवादाची गोष्ट पुन्हा कोणी वाचली असती? हस्तलिखितं शोधून, ताडून, छापून समोर ठेवणं हे गणिताइतकंच विज्ञानाच्या कामाचं.

अनुष्टुभ
आर्किमिडीज १२६९ मध्येच लॅटिनमध्ये आणला होता. कोणी? मोर्बेकेने. तो डॉमिनिकन होता. बास, झोपतो आता.

नांदणी
सगळे पुरुषच. त्या काळातल्या बायकांना यातला कुठला तंबू बरा होता?

ओसरी
विद्यापीठाचं दार बंदच, त्यामुळे स्कोलॅस्टिक होण्याचा प्रश्नच नव्हता. मानव्यविद्या घरी मास्तर ठेवून शिकता यायच्या, म्हणून इसोत्ता नोगारोलासारख्या मुली तिथे दिसतात. व्हेरोनाची, लॅटिन उत्तम. तिने ग्वारिनो या नामवंत मानवतावाद्याला पत्र लिहिलं. त्याने बरेच दिवस उत्तरच दिलं नाही. गावातल्या बायका मला हसतात, असं तिने दुसऱ्या पत्रात सुनावलं तेव्हा कुठे आलं. मग कोणीतरी निनावी पत्रक काढून तिच्या चारित्र्यावर घाणेरडे आरोप केले. १४५१ मध्ये तिने आदम जास्त दोषी की हव्वा, यावर संवाद लिहिला, हव्वेच्या बाजूने. आणि त्याची घडण बघितलीत तर मुद्दा, प्रतिमुद्दा, प्रमाणवचन, खंडन. तेच शत्रूपक्षाचं हत्यार.

पोटमाळा
सगळ्यांचे आभार. माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. अधिकाराचं भांडण हे माझं म्हणणं अजून टिकतंय असं मला वाटतं, पण सेपूल्वेदा आणि ऑर्ता या दोघांनी त्याला एक पुरवणी जोडली : अधिकार हातात आला की व्याकरणवालेही तितकेच ताठ होतात. मग शेवटी जिंकलं कोण?

ल्यूव्हेनवासी
कागदावर बघितलं तर पंडित. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने व्हल्गेट हाच प्रमाण पाठ ठरवला. १५५९ मध्ये पोप चौथ्या पॉलच्या यादीत एरास्मसची झाडून सगळी पुस्तकं बंद.

मोडीवाचक
आणि प्रमाण ठरवल्यावर लक्षात आलं की व्हल्गेटची एकसारखी प्रत कुठेच नाही! मग हस्तलिखितं ताडणं आलं. १५९० ची अधिकृत आवृत्ती मागे घ्यावी लागली, १५९२ मध्ये दुसरी काढली. म्हणजे निकाल पंडितांचा आणि अंमलबजावणी व्हाल्लाच्या पद्धतीने.

अनुष्टुभ
झोप येईना. शाळांचं बघा. जेझुइट या कॅथलिक साधुसंघाचा १५९९ चा अभ्यासक्रम : खालच्या वर्गांत व्याकरण, साहित्य, वक्तृत्व, सिसेरो घोकायचा. वर गेलं की ॲरिस्टॉटल आणि थॉमस. दोघांनाही एकाच इमारतीत जागा दिली, फक्त मजले वेगळे.

आणि पोटमाळा, पिको देल्ला मिरांदोलाचं १४८५ चं पत्र वाचाच. एर्मोलाओ बार्बारोने स्कोलॅस्टिकांना रानटी म्हटल्यावर बावीस वर्षांच्या पिकोने त्यांची बाजू घेतली : ग्रीक पुराणांतल्या अँड्रोमाकीची आई कोण आणि नायोबीला मुलं किती यावर आम्ही वाद घालत नाही, आम्ही वस्तूंची कारणं शोधतो. आणि हे सगळं इतक्या सुंदर लॅटिनमध्ये, की बार्बारोने उलट त्यालाच चिडवलं, तुझे वकीलपत्र दिलेले पंडित यातलं एक वाक्य तरी लिहू शकतील का?

तिरपागडा
पिकोवर वेगळा धागा काढा, पोटमाळा. हा आता उघडायला वेळ लावतोय.

पोटमाळा
काढतो रविवारी. पिकोने वादासाठी मांडलेल्या ९०० विधानांचं प्रकरणही त्यातच घेऊ.